हँगरमध्ये जुगाड चालत नाही: विमान देखभालीच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

काटोल रोडवर माझ्या मामांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. दहावीच्या सुट्टीत मी तिथेच पाना धरायला शिकलो. नट किती कसायचा हे मामा मनगटाने ठरवायचे. मूळ पार्ट मिळाला नाही तर दुसऱ्या कंपनीचा घासून बसवायचे आणि ट्रॅक्टर संध्याकाळी शेतात रवाना. पंचक्रोशीत त्यांना मान होता तो याच कसबासाठी. पुढे मी विमानांच्या हँगरमध्ये, म्हणजे विमान आत घेऊन दुरुस्त करायच्या मोठ्या शेडमध्ये, लागलो, तेव्हा पहिलं वर्ष मामांकडे शिकलेलं निम्मं विसरण्यात गेलं. उरलेलं निम्मं, म्हणजे बेअरिंगचा आवाज ऐकणं, तेलाचा वास ओळखणं, हत्यार पुसून जागेवर ठेवणं, हे आजही कामाला येतं.

बारावीचे निकाल लागले की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच. "काका, मिहानमध्ये विमानाचं काम मिळते म्हणतात. काय करावं लागते?" मिहान म्हणजे नागपूरच्या विमानतळाला लागून असलेला औद्योगिक परिसर. फोनवर हे सगळं मावत नाही, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

आधी ठरवा: टेक्निशियन की एएमई

बाहेरून बघणाऱ्याला हँगरमधले सगळे सारखेच दिसतात, एकाच रंगाचा ओव्हरऑल घातलेले. आत मात्र दोन जाती आहेत. टेक्निशियन पॅनल उघडतो, पार्ट काढतो, नवा बसवतो. लायसन्सवाला इंजिनिअर, ज्याला आम्ही एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) म्हणतो, तो काम तपासतो आणि विमान उडायला मोकळं असल्याच्या कागदावर सही करतो. त्या सहीशिवाय विमान हलत नाही, मग आत दोनशे प्रवासी बसून घड्याळ बघत का असेनात. हात दोघांचेही काळे होतात. मात्र उद्या काही बिघडलं तर पहिला प्रश्न सहीवाल्याला विचारला जातो. पगारातला फरकही मुख्यतः त्यामुळेच.

टेक्निशियन व्हायचं असेल तर आयटीआय किंवा डिप्लोमा हा सरळ रस्ता. फिटर, इलेक्ट्रिशियन, शीट मेटल, असे ट्रेड चालतात. नागपूरच्या आयटीआयमध्ये 'एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर' असा विमानाच्या सांगाड्याचाच ट्रेड आहे, त्याची चौकशी जरूर करा. एएमई व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं आणि त्यानंतर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, सीएआर-147 मान्यता (विमान देखभाल शिकवणाऱ्या संस्थांसाठीची) असलेली संस्था. टेक्निशियन म्हणून लागून पुढे स्वतः परीक्षा देत लायसन्स मिळवणारेही आहेत. मी त्यातलाच. वेळ जास्त लागतो, कारण मान्यताप्राप्त कोर्स न केलेल्याला अनुभवाची वर्षं जास्त दाखवावी लागतात. पण घरून फीचं ओझं झेपणार नसेल तर कर्ज काढून कॉलेज करण्यापेक्षा मी आजही हाच रस्ता सुचवीन.

एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची डिग्री हा तिसराच विषय आहे. ती पदवी विमान कसं बनतं ते शिकवते, पण सही करायचा हक्क देत नाही. हे चार वर्षं झाल्यावर कळलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

संस्था निवडताना

डीजीसीएच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. कॉलेजच्या माहितीपत्रकातलं विमानाचं चित्र बाजूला ठेवा आणि त्या यादीत नाव शोधा. नाव सापडलं तरी मान्यता कोणत्या वर्गाची ते बघा. जेट विमानाच्या यांत्रिक बाजूसाठी बी-1.1 लागतं: इंजिन, सांगाडा, चाकं, हायड्रॉलिक. रेडिओ, नेव्हिगेशन, ऑटोपायलट अशा एव्हिऑनिक्सच्या बाजूला बी-2. पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानांचं बी-1.2 असतं, हेलिकॉप्टरचे वर्ग आणखी वेगळे. फक्त बी-1.2 घेऊन एअरलाइनच्या जेटवर काम करता येत नाही. प्रवेशाच्या टेबलावर हे कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

तिथे गेल्यावर दोन गोष्टी विचारा. प्रॅक्टिकल कुठे होतं, जिवंत विमानावर की वर्गात ठेवलेल्या जुन्या इंजिनावर? आणि कोर्सनंतरचा प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव कुठे मिळणार? बी-1.1 किंवा बी-2 साठी मान्यताप्राप्त कोर्सनंतरही साधारण 2 वर्षांचा अनुभव लागतो, त्याशिवाय लायसन्स हातात पडत नाही. "आमचे विद्यार्थी सगळीकडे लागले आहेत" हे उत्तर नव्हे. गेल्या दोन बॅचमधल्या मुलांशी बोलू द्या म्हणावं. आढेवेढे घेतले तर चहा प्या आणि परत या.

फी भरायच्या आधी डोळे तपासून घ्या, विशेषतः रंग ओळखता येतात का ते. विमानातल्या वायरी, पाइपावरच्या पट्ट्या, गळतीचं तेल, सगळ्याची भाषा रंगांची आहे.

अभ्यास, आणि इंग्रजीची भीती

परीक्षा मॉड्यूलच्या, म्हणजे विषयवार पेपरांच्या, रूपात असते आणि प्रत्येक मॉड्यूलला पास व्हायला 75 टक्के लागतात. बोर्डाच्या परीक्षेत 75 म्हणजे डिस्टिंक्शन, इथे ती पासाची रेषा. सगळी मुलं मॉड्यूल 15 ला, म्हणजे गॅस टर्बाइन इंजिनला, जीव तोडून अभ्यास करतात कारण ते रंगतदार आहे. अडकतात ती मॉड्यूल 10 मध्ये, म्हणजे कायद्यात. कोणता कागद कोण भरतो, कोणत्या सहीचा अर्थ काय, हे तिथे येतं. मला ते दुसऱ्या खेपेला निघालं.

मराठी माध्यमातल्या मुलांचा मोठा धाक इंग्रजीचा. त्यांच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे, जी मला कोणी वेळेवर सांगितली नाही. विमानाची मॅन्युअल्स साध्या, मोजूनमापून ठरवलेल्या इंग्रजीत लिहिलेली असतात. तिला 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' म्हणतात. तिच्या कोशात तांत्रिक नावं सोडली तर मान्य शब्द 900 च्या आसपास आहेत आणि एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. 'क्लोज' म्हणजे फक्त बंद करणं. जवळ म्हणायचं असेल तर 'निअर' वापरायचा, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ नको. सूचना आज्ञार्थी आणि छोट्या: हे काढा, ते मोजा. पुण्यातल्या कॉन्व्हेंटचं पोर आणि भिवापूरच्या जिल्हा परिषद शाळेचं पोर त्या पानासमोर जवळजवळ सारखंच असतं. तीन शब्द तेवढे कोरून ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे माणसाला इजा होईल, 'कॉशन' म्हणजे यंत्राचं नुकसान होईल, 'नोट' म्हणजे जास्तीची माहिती. पहिले दोन कृतीच्या आधी छापलेले असतात. कृती करून झाल्यावर वाचायचे नसतात, हे सांगावं लागतं याचंच नवल.

नागपुरात काम कुठे आहे

मिहानमध्ये बोईंगने एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल केंद्र 2015 मध्ये सुरू झालं. ते टॅक्सीवेने, म्हणजे विमान जमिनीवरून चालत जायच्या रस्त्याने, सोनेगावच्या विमानतळाला जोडलेलं आहे आणि आता एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, म्हणजे एआयईएसएल, ते चालवते. बोईंग 777 सारखं विमान, ज्याच्या मोठ्या प्रकाराचे पंख टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ 65 मीटर भरतात, ते छपराखाली घेण्यासाठी बांधलेले ते हँगर आहेत. पहिल्यांदा आत शिरलात की मान आपोआप वर जाते. इंडामेरचंही देखभाल केंद्र मिहानमध्येच आहे. दसॉ-रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन जेटचे भाग बनतात. ते उत्पादनाचं काम, देखभालीचं नव्हे, पण रिव्हेट मारणारा चांगला हात दोन्हीकडे चालतो. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्या वाटेला जायचं तर भरती वेगळी.

याशिवाय विमानतळावर 'लाइन'चं काम असतं. विमान उतरतं, प्रवासी बदलतात, तेवढ्यात चाकं, तेल, दिवे, बाहेरचा सांगाडा बघून सोडायचं. हँगरमधलं ते 'बेस'. साधारण दीड-दोन वर्षांनी येणाऱ्या सी-चेक या मोठ्या तपासणीला विमान आठवडेच्या आठवडे उघडं पडतं. नवख्याने आधी बेसला जावं असं माझं मत आहे. विमानाची आतडी तिथेच दिसतात. लाइनवर घाई असते आणि घाईत शिकणं होत नाही.

नोकरी लागली की विमानतळ प्रवेशपत्रासाठी पोलीस पडताळणी होते. कॉलेजातल्या भांडणाची साधी केससुद्धा इथे आडवी येऊ शकते. गणपतीच्या मिरवणुकीत जपून.

पहिलं वर्ष

पहिले काही महिने तुम्हाला कोणी इंजिनाला हात लावू देणार नाही. स्क्रू काढायचे, पिशवीत भरायचे, पिशवीवर पॅनलचा नंबर लिहायचा. काढलेले 46 असतील तर पिशवीतही 46. जमिनीवरच्या कार्पेटखाली शिरून गंज पुसायचा. सीटा उचलायच्या. पोरं कंटाळतात. "इंजिनिअर व्हायला आलो का सफाई कामगार?" असं एकाने मला विचारलं होतं. त्याच आठवड्यात त्यालाच गॅलीच्या (विमानातल्या स्वयंपाकघराच्या) खाली सांगाड्यात गंजाचा फुगवटा सापडला, तेव्हा प्रश्न मिटला.

मग पहिलं खरं कसब येतं: सेफ्टी वायर. बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातून तार ओवून पिळायची. नेहमीच्या तारेला एका इंचात 6 ते 8 पीळ. तार अशा बाजूने ओढायची की बोल्ट सुटू लागलाच तर ती त्याला कसण्याच्या दिशेला खेचेल. हे दोन ओळींत वाचून होतं, हाताला यायला दोन महिने लागतात. बोटं फाटतात. घरी एक जुनी पट्टी, चार बोल्ट आणि तारेचं भेंडोळं घेऊन बसा.

दुसरं, टॉर्क रेंच. मामांचं मनगट इथे घरी ठेवायचं. बोल्ट किती कसायचा ते मॅन्युअल सांगतं, रेंच मोजतो, आणि त्या रेंचवर कॅलिब्रेशनची (माप अचूक असल्याच्या तपासणीची) तारीख चिकटवलेली असते. तारीख उलटली असेल तर तो रेंच आणि लोखंडाचा दांडा यांत फरक नाही. 'क्लिक' आवाज आला की थांबायचं. माझ्या हाताला सवय होती, क्लिकनंतर "अजून थोडंसं" म्हणत पाव फेरा द्यायची. शेजारी उभ्या असलेल्या सीनियरने एवढंच विचारलं, "काय करून राहिला बे? ट्रॅक्टर आहे का तो?" आणि तो बोल्ट काढून नवा मागवायला लावला, कारण जास्त ताणलेल्या बोल्टचा भरवसा राहत नाही.

नजरेच्या अंदाजाने काय होतं याची गोष्ट आमच्या मॉड्यूल 9 मध्ये, म्हणजे ह्यूमन फॅक्टर्समध्ये, हमखास येते. 10 जून 1990, ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट 5390, बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेली. हवेत असताना कॅप्टनच्या समोरची काच निखळली आणि तो अर्धा बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी पाय धरून ठेवले, को-पायलटने साउथहॅम्प्टनला विमान उतरवलं, आणि कॅप्टन वाचला. उड्डाणाच्या सुमारे 27 तास आधी, रात्रपाळीत ती काच बसवणारा माणूस नवखा नव्हता, शिफ्टचा मॅनेजर होता. काढलेला जुना बोल्ट हातात घेऊन त्याने नवे बोल्ट नजरेने जुळवून घेतले. 90 पैकी 84 बोल्ट किंचित बारीक निघाले. पार्टचा नंबर पुस्तकात बघायला त्याला किती मिनिटं लागली असती? आणखी एक, एरोपेरूची फ्लाइट 603, 2 ऑक्टोबर 1996. विमान धुताना बाहेरच्या, हवेचा दाब मोजणाऱ्या छोट्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. पायलटला उंची आणि वेग कळेना. 70 माणसं गेली. पट्टी चिकटवणं हे हँगरमधलं सर्वांत सोपं काम, पहिल्या वर्षाच्या पोरालाच देतात.

हत्यार हरवलं तर

हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच असते. शिफ्ट संपताना एक खाच जरी रिकामी दिसली तरी विमान बंद. माझ्या दुसऱ्या वर्षी एक 10 मिलिमीटरचा सॉकेट (रेंचला लावायचं नटाच्या मापाचं टोपण) सापडेना. मी ज्या पॅनलमध्ये काम केलं होतं तिथे फ्लाइट कंट्रोलच्या केबल जातात. तो सॉकेट तिथे राहिला असता तर काय, हा विचार मनात आला आणि पायांतलं बळ गेलं. खिशातून पैसे टाकून बाहेरून तसाच सॉकेट आणून खाचेत ठेवावा, हाही विचार आला. खोटं कशाला बोलू? मग जाऊन सांगितलं. तीन माणसं, चार तास, बंद केलेली सगळी पॅनलं पुन्हा उघडली. सॉकेट सापडला माझ्याच ओव्हरऑलच्या गुडघ्यावरच्या खिशात. मला वाटलं आता नोकरी जाते. शिफ्ट इंचार्जने रिपोर्ट लिहिला, माझी सही घेतली आणि म्हणाला, "त्या खिशाला आजच टाके घाल." तो खिसा मी शिवून टाकला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नव्या ओव्हरऑलचा तो खिसा शिवलेलाच असतो.

तीच गोष्ट शिडी किंवा ट्रॉली विमानाला लागल्याची. बोईंग 787 च्या सांगाड्याचा वजनाने जवळपास निम्मा भाग कंपोझिटचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर राळेत चिकटवून बनवलेल्या पदार्थाचा, आहे. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, तो दिसतो. कंपोझिटवर वरून ओरखडाही नसताना आतले थर सुटलेले असू शकतात. म्हणजे जिथे लागलं ते फक्त तुम्हालाच माहीत. तुम्ही बोलला नाहीत तर पुढच्या तपासणीपर्यंत कोणालाही कळणार नाही. लगेच सांगणाऱ्याला बोलणी बसत असतील अशा जागी काम करू नका. दुसरी नोकरी शोधा.

जिवाशी खेळ

हायड्रॉलिक पाइपात बहुतेक जेटमध्ये 3000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो, 787 मध्ये 5000. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी धार कातडी भेदून आत जाते. गळती हाताने कधीही चाचपायची नाही. ते जांभळं तेल डोळ्यात गेलं तर तोंडातून ज्या शिव्या निघतात त्या कोणत्याच मॅन्युअलमध्ये नाहीत. चष्मा घाला. मोठ्या जेटच्या चाकात 200 पीएसआयच्या आसपास नायट्रोजन असतो, तुमच्या गाडीच्या टायरच्या सहापट. ब्रेक तापलेले असताना चाकाकडे पुढून किंवा मागून जायचं, बाजूने नाही, कारण फुटलंच तर तुकडे बाजूला उडतात. इंधनाच्या टाकीत उतरायचं तर आधी हवा मोजायची आणि बाहेर एक माणूस सतत उभा पाहिजे. "दोन मिनिटांचंच काम आहे" म्हणून त्याला चहा आणायला पाठवायचं नाही.

आणि नागपूरचा मे महिना. 45 डिग्रीत ॲप्रनवर (विमानं उभी करायच्या उघड्या जागेवर) उभ्या विमानाच्या कातड्याला उघडा हात लावला तर फोड येतो. उन्हात पडलेला पानाही तसाच. हातमोजे, पूर्ण बाह्या, पाण्याची बाटली. दुपारचं पंखावरचं काम पहाटे उरकता येतं का ते इंचार्जला विचारायला लाजू नका. चक्कर येत असेल तर वरून खाली उतरून मग सांगा, वरूनच नको.

रात्रपाळी चुकणार नाही, कारण विमानं दिवसा कमावतात आणि रात्री दुरुस्त होतात. पहाटे तीन ते पाचच्या मध्ये डोकं सर्वांत मंद चालतं, तेव्हा केलेलं काम दुसऱ्या कोणाकडून बघून घ्या. ड्यूटीच्या आधी ब्रेथ अ‍ॅनालायझर लागू शकतो, म्हणून आदल्या रात्रीच्या लग्नाचा विचार लग्नातच करा. मेट्रो खापरीपर्यंत येते, पण तुमची शिफ्ट सुटते तेव्हा ती चालू असेलच असं नाही. वर्धा रोडला गाडीची सोय ठेवा आणि रात्रपाळीनंतर झोप येत असेल तर आधी कुठेतरी तर्री-पोहे खाऊन, तोंडावर पाणी मारून मग निघा.

पुढे काय

लायसन्स मिळालं तरी लगेच सही करता येत नाही. त्यावर विमानाचा प्रकार चढवावा लागतो, त्याला टाइप रेटिंग म्हणतात: एअरबस 320, बोईंग 737 वगैरे, प्रत्येकाचं प्रशिक्षण वेगळं. कंपनी ते करून देत असेल तर बॉण्ड नीट वाचा, किती वर्षांचा आणि मोडला तर किती रक्कम. स्वतःच्या पैशाने करायचं तर आधी त्या प्रकाराची विमानं कोणाकडे आहेत ते बघा. लायसन्स 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि सही करत राहायला मागच्या 2 वर्षांत 6 महिन्यांचा कामाचा अनुभव लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून लॉगबुक रोज भरा. तारीख, विमानाचा नंबर, केलेलं काम, सीनियरची सही. महिन्याचं एकदम भरू म्हणणाऱ्यांना सही करणारा सीनियर बदली होऊन गेलेला सापडतो. माझे असे चार महिने बुडाले.

पहिल्या दिवशी जाताना: बोटांवर पोलादी टोपी असलेले बूट, छोटी टॉर्च, खिशात मावेल अशी वही, पेन. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं घरी. मनगटावरचा दोरासुद्धा. आईने नवरात्रात बांधलेला असेल तर तिला सांगून काढा आणि पाकिटात ठेवा.